चिंब एकवीस किलोमीटर

सातारा हिल हाफ मॅरेथॉन साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते. म्हणजे तिचा सराव जून-जुलैत, ऐन आषाढात. पहाटे पाचचा गजर, बाहेर धो धो पाऊस, कालचे बूट अजून ओलेच आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न : 'आज आहे का?' प्रत्येक ग्रुपात एक तरी महाभाग असतो, जो लगेच लिहितो : 'पाऊस त्याचं काम करतोय, आपण आपलं करू.' अशा माणसाचा सकाळी सकाळी फार राग येतो. पंचाईत अशी की विज्ञान बरंचसं त्याच्याच बाजूचं आहे. पळणाऱ्याचं पाऊस फारसं काही वाकडं करत नाही. तो गाठतो थांबलेल्याला.

चालता-बोलता बंब

आपले स्नायू ऊर्जेच्या बाबतीत भलतेच उधळे. खाल्लेल्या उष्मांकांपैकी जेमतेम पाव हिस्सा पळण्याच्या कामी येतो. उरलेल्या पाऊण हिश्श्याची नुसती उष्णता होते. आता हिशेब करा. किलोमीटरला किलोमागे साधारण एक किलोकॅलरी धरली, तर साठ किलोचा माणूस एका हाफमध्ये बाराशे-साडेबाराशे किलोकॅलरी जाळतो. त्यातल्या नऊशेहून अधिक निव्वळ उष्णता. एवढ्यात वीस लिटरच्या जवळजवळ दोन बादल्या पाणी आंघोळीजोगं कढत होतं! असा पेटता बंब अंगात घेऊन आपण मे महिन्यात पळतो तेव्हा जीव जातो, यात नवल ते काय?

म्हणूनच थंडी ही पळणाऱ्याची मैत्रीण. फ्रेंच संशोधकांनी 2012 मध्ये पॅरिस, लंडन, बर्लिन, बोस्टन, शिकागो आणि न्यूयॉर्क या सहा मॅरेथॉनचे दहा वर्षांचे निकाल पालथे घातले. सर्वांत वेगवान वेळा कोणत्या तापमानाला लागतात? धावपटूच्या दर्जानुसार साधारण 4 ते 10 अंश सेल्सियसला. आपल्याकडे एवढ्या तापमानात लोक माकडटोपी घालून शेकोटीला बसतात.

पण थंडीत पाऊस मिसळला की गणित फिरतं. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. बंब पेटलेला आहे तोवर चिंता नाही. फिनिश लाइन ओलांडली, गळ्यात मेडल पडलं आणि फोटोसाठी रांगेत उभे राहिलात, की दहा मिनिटांत दातावर दात वाजायला लागतात. अंगाला चिकटलेला सुती टी-शर्ट तर आगीत तेल, किंवा इथे पाण्यात पाणी म्हणू. सूत पाणी पितं आणि सोडत नाही. मेडल नंतर, आधी कोरडा शर्ट.

आणि रेनकोट? त्याची गंमत वेगळीच. श्वास घेणारं म्हणून मिळणारं महागडं कापड घामाची वाफ बाहेर सोडतं खरं, पण त्यासाठी बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. जुलैतल्या सह्याद्रीत कोरडी हवा कुठून आणायची? अर्ध्या तासात माणूस बाहेरून पावसाने आणि आतून घामाने सारखाच भिजलेला असतो. पैसे मात्र एकाच बाजूचे गेलेले असतात.

बोस्टनचा कारकून

थंड पावसात पळण्याची जागतिक कथा सांगायची तर ती 16 एप्रिल 2018 च्या बोस्टन मॅरेथॉनची. तापमान तीन-चार अंश, आडवा-तिडवा पाऊस आणि समोरून झोंबणारा वारा. नावाजलेले धावपटू एकामागून एक बाहेर पडले. आणि जिंकला कोण? युकी कावाउची. जपानमधल्या सैतामाच्या सरकारी शाळेच्या कार्यालयात नोकरी करणारा गडी. नोकरी सांभाळून पळायचा, आणि पळायचा म्हणजे किती? बाकीचे अव्वल लोक वर्षाला दोन-तीन मॅरेथॉन पळतात, हा महिन्याला एखादी उरकायचा. शेवटच्या टप्प्यात त्याने आदल्या वर्षीचा विजेता जेफ्री किरुई याला मागे टाकलं आणि 2 तास 15 मिनिटं 58 सेकंदांत पोहोचला. या वेळेचं कौतुक नाही. त्या दिवशी पोहोचण्याचंच कौतुक होतं. नंतर तो म्हणाला की हवा त्याच्यासाठी अगदी उत्तम होती!

थापा नव्हेत त्या. त्याच जानेवारीत त्याने बोस्टनच्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात, मार्शफील्ड गावात, शून्याखाली सतरा अंशांच्या आसपास एक मॅरेथॉन पळून काढली होती. तीही दोन तास वीस मिनिटांच्या आत. सराव म्हणावं तो असा.

बायकांमध्ये दुसऱ्या क्रमांकावर आलेली सारा सेलर्स ही भूल देणारी परिचारिका होती, तीसुद्धा पूर्णवेळ नोकरीवाली. आणि पहिली आलेली डेझ लिंडन? तिने सुरुवातीलाच ठरवलं होतं की आज आपलं काही खरं नाही, शर्यत सोडावी. सोडण्याआधी निदान कुणाला मदत करू म्हणून, शौचालयात थांबलेल्या सहस्पर्धक शॅलेन फ्लॅनगनसाठी तिने वेग कमी केला आणि तिला परत घोळक्यापर्यंत आणून सोडलं. तेवढ्यात लक्षात आलं की आपण तर अजून पुढेच आहोत. जिंकलीच! 1985 नंतर बोस्टन जिंकणारी पहिली अमेरिकी बाई.

शॅलेनच्या त्या थांबण्यामागेही शरीरशास्त्र असू शकतं. गारठ्यात हातापायांच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, रक्त आत गोळा होतं, शरीराला वाटतं पाणी जास्त झालं, आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. पावसाळी शर्यतीच्या सुरुवातीला फिरत्या शौचालयांपुढे जी अजगरासारखी रांग दिसते तिच्यात नुसती धाकधूक नसते, गारठ्याचाही वाटा असतो.

चालावं की पळावं?

पावसात चालत गेलं तर जास्त भिजतो की पळत गेलं तर, हा वाद कट्ट्यावर कितीही वेळ चालू शकतो. दोन अमेरिकी हवामानतज्ज्ञांनी तो खरोखरच मिटवायला घेतला. थॉमस पीटरसन आणि ट्रेव्हर वॉलिस यांनी सारखे कपडे घातले, आत घामाने घोळ होऊ नये म्हणून प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळल्या आणि मुसळधार पावसात शंभर मीटर अंतर एकाने चालत, दुसऱ्याने पळत कापलं. मग कपडे वजनावर टाकले. पळणाऱ्याच्या कपड्यांत चालणाऱ्यापेक्षा 40 टक्के कमी पाणी! हा शोध 1997 मध्ये 'वेदर' नावाच्या शास्त्रीय नियतकालिकात रीतसर छापून आला.

हाफवाल्यांना या शोधाचा उपयोग शून्य, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. शंभर मीटरला फरक पडतो, एकवीस किलोमीटरला सगळे सारखेच चिंब. एकदा कापडात पाणी मावेनासं झालं की पाऊस कितीही पडो, तुम्ही आणखी ओले होऊच शकत नाही. पहिला किलोमीटर डबकी चुकवत नाजूकपणे पळणारी माणसं तिसऱ्या किलोमीटरला त्याच डबक्यांतून सरळ जातात, ती याच ज्ञानप्राप्तीनंतर.

आई अगदीच चुकली नव्हती

'भिजू नकोस, सर्दी होईल!' यावर शिकलेल्या मुलांचं उत्तर तयार असतं : सर्दी विषाणूने होते, पावसाने नाही. उत्तर बरोबर आहे. तरी 2005 मध्ये वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठात रोनाल्ड एक्लिस यांच्या केंद्राने 180 लोकांना बोलावलं. नव्वद जणांना वीस मिनिटं गार पाण्याच्या भांड्यात पाय बुडवून बसवलं. उरलेल्या नव्वद जणांनी काय केलं? बुटामोज्यांसकट रिकाम्या भांड्यात पाय ठेवून बसले! (हे दृश्य डोळ्यांपुढे आणून बघा. सगळे शहाणेसुरते.) पुढच्या चार-पाच दिवसांत गार पाण्यातल्या 13 जणांनी सर्दीची तक्रार केली, रिकाम्या भांड्यातल्या 5 जणांनी.

संशोधकांचा तर्क असा : पाय गारठले की नाकातल्या रक्तवाहिन्याही आकसतात, तिथला पहारा ढिला पडतो आणि आधीच दबा धरून बसलेला विषाणू डोकं वर काढतो. म्हणजे आईचं निदान चुकलं, पण पथ्य बरोबर होतं. आणि पुन्हा गंमत तीच, पाय बुडवून बसलेली माणसं बसलेली होती. पळत नव्हती.

दुष्काळी तालुके, पाण्याच्या उड्या

सातारा जिल्ह्याइतका लहरी पाऊस क्वचितच कुठल्या जिल्ह्याच्या वाट्याला आला असेल. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास पडला तरी लोक देवाला नारळ फोडतात. टँकरची वाट बघणाऱ्या या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. तिचा खेळ कोणता? तीन हजार मीटर स्टीपलचेस, ज्यात प्रत्येक शर्यतीत सात वेळा पाण्यावरून उडी मारावी लागते! 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. ट्रॅकवरच्या शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी पी. टी. उषानंतरची ती पहिली भारतीय स्त्री.

योगायोग इथेच संपत नाही. स्टीपलचेसचा दुसरा मराठी हिरो अविनाश साबळे, तोही दुष्काळी बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. पाणी नसलेल्या गावांनी देशाला पाण्यात उड्या मारणारे दोन अव्वल धावपटू दिले. कुणा कादंबरीकाराने हे लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा अतीच झालं.

आपल्या विषयाशी अविनाशचं नातं याहून जवळचं आहे. 2020 च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या हाफ मॅरेथॉनमध्ये त्याने 1 तास 30 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. हाफमध्ये एकसष्ट मिनिटांच्या आत येणारा तो पहिला भारतीय. किलोमीटरला तीन मिनिटंसुद्धा नाहीत! बाराशे मीटरला दम लागणाऱ्यांनी हा वेग एकदा शंभर मीटरपुरता तरी करून बघावा. आणि थंडीचा सराव म्हणाल तर लष्करात भरती झाल्यावर त्याची नेमणूक थेट सियाचीनला झाली होती. ट्रॅकवर तो आला त्यानंतर.

घाट चढतो छातीने, उतरतो मांड्यांनी

पुन्हा साताऱ्यात. 2012 साली सुरू झालेल्या या शर्यतीची 2015 मध्ये गिनीज बुकात नोंद झाली, एकाच डोंगरावर सर्वाधिक धावपटू पळवल्याबद्दल. रस्ता मोठा खट्याळ आहे. शहरातून निघायचं, समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जायचं आणि त्याच वाटेने माघारी. म्हणजे निम्मी शर्यत चढ, निम्मी उतार. खाली शहरात नुसता ओलावा असतो. वर गेलं की धुकं, वारा आणि दर शंभर मीटर उंचीमागे साधारण अर्ध्या-पाऊण अंशाची घट. घाटमाथ्यावर दोन अंश कमी होतात आणि ओल्या अंगाला वारा लागला की ते पाच-सहा वाटतात. अजिंक्यतारा किल्ला दिसला तर नशीब, नाही तर पुढच्याची पाठ दिसली तरी पुष्कळ.

नवखे चढाची धास्ती घेतात आणि उताराला हसतात. दोन दिवसांनी जिना उतरताना त्यांचं हसू मावळतं. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच आवळावा लागतो, ब्रेकचं काम करतो, आणि अशा कामाने त्याच्या तंतूंना बारीक इजा होतात. दुखणं लगेच येत नाही; चोवीस तासांनी येतं, अठ्ठेचाळीस तासांनी कळस गाठतं. मात्र स्नायूंची स्मरणशक्ती दांडगी. शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा नीट उतार पळून मांड्या दुखवून घेतल्या, तर पुढच्या वेळी त्याच उताराने तेवढं दुखत नाही. लसीकरणच म्हणा ना.

पावसात उताराची दुसरी मेख म्हणजे रस्ता. घाटातलं डांबर बऱ्यापैकी पकड देतं. दगा देतात ते कडेचे पांढरे पट्टे, गतिरोधकावरचा रंग आणि झाडाखालचं शेवाळ. मुरलेले सातारकर वळणावर मुद्दाम पट्टा सोडून आत पळतात. गर्दीत कुणीतरी 'पट्टा! पट्टा!' ओरडलं तर ते तुमच्याच भल्यासाठी.

किरकोळ, पण कामाचं

छातीवरचा नंबराचा बिब पावसात विरघळत कसा नाही? कारण तो बहुतेक वेळा कागद नसतोच. टायवेक नावाचं प्लास्टिकच्या तंतूंचं कापड असतं ते. 1955 मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत जिम व्हाइट नावाच्या संशोधकाला एका नळीतून पांढरा भुसा बाहेर येताना दिसला, त्यातून हे निघालं.

हातातलं घड्याळ अंतर चुकवतं तेव्हा लोक धुक्याला शिव्या घालतात. धुकं बिचारं निर्दोष आहे. उपग्रहाचे संदेश ढग-पावसातून आरामात येतात. चूक कड्याची. घाटात एका बाजूचा डोंगर अर्धं आकाश अडवतो आणि संदेश दगडावर आपटून फिरून येतात. पावसाचा दोष एवढाच की काचेवर पडलेला थेंब म्हणजे बोट, असा घड्याळाचा समज होतो आणि ते आपणहून शर्यत थांबवतं. पडदा लॉक करा.

बोटांना पडणाऱ्या सुरकुत्या पाणी शोषल्याने पडत नाहीत, त्या मज्जासंस्था पाडते. हाताचे मज्जातंतू तुटलेल्यांच्या बोटांना पाण्यात सुरकुत्या पडत नाहीत, हे डॉक्टरांना 1930 च्या दशकापासून ठाऊक आहे. कशासाठी? 2013 मध्ये न्यूकॅसल विद्यापीठात लोकांना ओल्या गोट्या उचलायला लावल्या. सुरकुतलेल्या बोटांनी त्या लवकर उचलल्या. पकडीसाठीची ही सोय असावी. बिबच्या सेफ्टी पिना काढताना मात्र ती सोय कुठे जाते कोण जाणे.

टोपी घालाच, अंगावरच्या पावसासाठी नाही, डोळ्यांतल्या. चष्मेवाल्यांना तर टोपीचं टोक हाच वायपर.

आणि व्हॅसलीन. ओलं कापड कोरड्यापेक्षा कितीतरी जास्त घासतं. काखा, मांड्या आणि पुरुषांच्या बाबतीत छाती यांची अवस्था अंघोळीचं पाणी पडल्यावर कळते. बाथरूममधून येणाऱ्या किंकाळीवरून घरच्यांना समजतं की आज लाँग रन होता. हे मलम शोधणाऱ्या रॉबर्ट चेझब्रोने त्याचं पेटंट 1872 मध्ये घेतलं आणि पठ्ठ्या 96 वर्षं जगला.

पायांच्या बोटांच्या बेचक्यांत होतात त्या चिखल्या. भातलावणी करणाऱ्यांचं हे जुनं दुखणं आता शहरी धावपटूंच्या महागड्या मोज्यांत पोहोचलं आहे. पाय कोरडे पुसणं, बोटांमध्ये पावडर, आणि घरी आल्यावर स्लिपर. बुरशीला ओल लागते, ती मिळाली नाही की बुरशीचा जोर ओसरतो. मुंबई-ठाण्यात पळणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. तुंबलेल्या पाण्यात उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू असतात आणि पायावरची एखादी खरचट त्यांना पुरते. तशा पाण्यातून जावं लागलं आणि पायाला जखम असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. ताप यायची वाट बघू नका.

बूट

बुटाचं वजन शंभर ग्रॅमने वाढलं की पळायला सुमारे एक टक्का ऊर्जा जास्त लागते, हे प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. ओला बूट तेवढं पाणी सहज पितो. पाऊल मीटरभराचं धरलं तर एका हाफमध्ये एकवीस हजार पावलं. प्रत्येक पावलाला शंभर ग्रॅम म्हणजे अख्ख्या शर्यतीत दोन टन पाणी आपण फुकट उचलतो! जाड मऊ गाद्यांचे बूट म्हणून पावसाळ्यात नकोत. जाळीचे, पातळ, पाणी आत येईल तितक्याच सहज बाहेर जाईल असे बरे. वॉटरप्रूफ बुटाची अडचण अशी की घोट्यावरून आत गेलेलं पाणीही तो तितक्याच निष्ठेने सांभाळतो.

वाळवायची रीत ठरलेली आहे. नाड्या सैल करायच्या, आतली गादी उपसून वेगळी ठेवायची, वर्तमानपत्राची पानं चुरगळून थेट पंजापर्यंत कोंबायची. पहिला बोळा अर्ध्या तासात लिबलिबीत होतो. तो काढून दुसरा. बहुतेक लोक इथेच आळस करतात, एकदा कोंबून झोपतात आणि सकाळी ओला कागद ओल्या बुटातून खरवडून काढतात. दुसरा बोळा रात्रभर ठेवला आणि बूट फ्रिजच्या मागच्या गरम कोपऱ्यात तिरपे टेकवले तर पहाटेपर्यंत घालण्याजोगे होतात. गिझरवर किंवा हीटरसमोर ठेवू नका, तळव्याचा डिंक सुटतो. गुळगुळीत रंगीत पुरवण्या या कामाला कुचकामी, त्या पाणी पीतच नाहीत. साधं खरखरीत बातम्यांचं पान हवं, आणि घरात वर्तमानपत्र मोबाइलवर वाचत असाल तर शेजाऱ्यांशी संबंध चांगले हवेत.